मंगळवार-शुक्रवारची गाडी

देवकाबाईनं कुंकवाचं ताट झाडूजीच्या ओट्यावर टेकवलं, दोन्ही हात कमरेवर घेतले अन् विचारलं, "झाडू, हे कितवी रे बाप्पा?"

"काय कितवी, बाई?"

"गाडी."

दारापुढं छोटी पांढरी बॅटरीची गाडी उभी होती. आली कवा, ते कोणाले समजलंच नाई. या गाड्यांचं असंच, मांजरीवानी येतात. गल्लीतले कुत्रेसुद्धा ती थांबल्यावर भुंकाले लागले, अन् तेही जरा लाजूनच.

देवकाबाई झाडूजीची शेजारीण. गावात कोणाच्याही घरी नवं वाहन आलं का तिनं त्याले ओवाळायचं, चाकाखाली लिंबू ठेवायचं अन् समोर नारळ फोडायचा, हे ठरलेलं. ट्रॅक्टर असो का फटफटी. म्हातारीचा हात लागलेली गाडी पलटत नाई, असं सारे मानत, अन् सगळ्यात जास्त ती स्वतः. दसऱ्यापासून तिनं झाडूजीच्या दारात एक पांढरी, एक निळी अन् एक राखाडी गाडी ओवाळली होती. तिन्ही गाड्या कपाळाले कुंकू लावून संध्याकाळी गेल्या, त्या गेल्याच.

"हे तं त्या पयलीची बहीण दिसते," देवकाबाई म्हणाली. "ओवाळीन मी. पण नारळ आता तू घेशीन तवाच फोडीन. देवापुढं ठेवाले घरात नारळ उरला नाई तुह्यापायी."

"बाई, गाडी काई वांगी हाय का, उचलली अन् पिशवीत टाकली? पाहून घ्या लागते."

"पाहा, पाहा. गाड्या पाहून राह्यला अन् धान कोण पाहीन? साऱ्या गावाचा कापून झाला. तुहा बांधीत झडून..."

"हळू बोल ना, बाई." झाडूजीनं चटकन घराच्या दाराकडं पाह्यलं. आत कमळा साडी बदलून राह्यली होती. तिनं आयकलं नाई असं त्याले वाटलं.

तेवढ्यात गाडीतून गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घातलेला पोरगा उतरला. चंद्रपूरच्या शोरूमचा प्रवीण. त्यानं घर पाह्यलं, ताट पाह्यलं, देवकाबाईले पाह्यलं, अन् मंग झाडूजीले.

"काका, तुम्हीच?"

"मी नाई," झाडूजी म्हणाला. "मागच्या टायमाले झाडू भानारकरनं पाह्यली होती गाडी. आज कमळा भानारकर पाहून राह्यली. गिऱ्हाईक अलग हाय, फोन नंबर अलग हाय."

"पण घर तर तेच आहे ना, काका."

"आता बायकोसाठी दुसरं घर बांधू का?"

प्रवीणनं मोबाइल काढला, परत खिशात टाकला. मॅनेजरनं त्याले सांगितलं होतं का या गावाकडून घरपोच टेस्ट ड्राइव्हची बुकिंग आली तं दोनदा विचार कर. त्यानं एकदाही केला नव्हता. आता शुक्रवारी सकाळपासून गाडी हाकत इथवर आला होता. तो दाराच्या चौकटीले टेकून उभा राह्यला अन् म्हणाला, "आलोच आहे, तर बसा."

झाडूजी भानारकर म्हणजे त्या गावातला वात्रट माणूस. चामोर्शीच्या रस्त्यावरून आत वळून जंगलाच्या कडेले हे गाव, तलावावर मासोळी अन् तलावाखाली धान, असं सगळ्यांचं चालते. झाडूजीचंही तसंच. पन्नाशी गेली, पण खोड गेली नाई. एकदा त्यानं पंचायतीच्या भोंग्यावरून सांगितलं का मिशीवाल्या मच्छीमारांले जाळ्यावर सबसिडी मिळून राह्यली, तपासणीवाले पुढच्या महिन्यात येतात. अर्ध्या गावानं मिशा वाढवल्या. सोसायटीचा अध्यक्ष तं अजून काढत नाई. येतीन, म्हणते.

पण कमळाच्या किडन्या बसल्यापासून झाडूजीची सारी अक्कल एकाच कामाले जुंपली होती. मंगळवारी अन् शुक्रवारी तिले गडचिरोलीले मशीनवर न्याचं. मशीनवर, म्हणजे डायलिसिसले. दवाखान्यात काई लागत नव्हतं, मशीन सरकारी, सिस्टर बऱ्या. मरण होतं ते रस्त्याचं. बिरजूची काळी-पिवळी जीप भरल्याशिवाय हलत नव्हती, अन् बिरजूच्या हिशोबानं जीप कधी भरतच नव्हती. कमळाच्या मांडीवर कोणाचं तरी लेकरू, पायाशी कोंबड्या, अन् ज्या हातात सुया टोचतात त्याच हाताले कोणाचं तरी कोपर. येताना तं पिळलेल्या धोतरावानी गत असायची तिची. ओकारी आली तं खिडकीपर्यंत तोंड पोचत नव्हतं.

गणपतीच्या दिवसातली गोष्ट. कमळा जीपीतून उतरली, स्टँडवरच्या दगडावर बसली अन् म्हणाली, "धान कापून होऊ द्या. मंग मी नाई जात मशीनवर."

रागानं नाई म्हणाली. मीठ संपलं, असं सांगावं तसं म्हणाली.

झाडूजी हसला. "मंग का मशीन घरी आणू?"

"हसा तुमी. मी दमली. यंदाचा तांदूळ घरात आलेला पाहीन, अन् बस."

ती पुन्हा ते बोलली नाई. तिले एकच गोष्ट दोनदा सांगायची सवय नव्हती, अन् तेच झाडूजीले घाबरवून गेलं.

मंग त्यानं दोन कामं केली. एक, मोबाइलवर जाहिरात दिसली, घरपोच टेस्ट ड्राइव्ह, मोफत. त्यानं मंगळवारची बुकिंग केली. गाडी आली का सांगायचं, आमचा रस्ता खराब, इथंच पाहून काय समजते, गडचिरोलीपर्यंत घेऊन पाहू. मागं बायको बसवायची, बाईमाणसाची पसंती लागते म्हणून. दवाखान्याच्या गेटापाशी म्हणायचं, आता हे गाडी उन्हात उभी करून पाहू, बॅटरी तापते म्हणतात. तवरक कमळाचं मशीनवरचं होऊन जाये. एका शोरूमचा पोरगा चिडला, एक रडकुंडीले आला, एकानं तं खरंच थर्मामीटर लावून दाखवला. कमळा मागच्या सीटवर आडवी होऊन जायची अन् यायची. एकदा झोपलीही. त्या दिवशी झाडूजीले वाटलं का आपून जग जिंकलं.

दुसरं काम त्यानं कोणाले सांगितलं नाई. त्यानं धान कापला नाई.

साऱ्यांचा कापून झाला, भारे बांधून झाले, काहींचे पुंजणेही, म्हणजे भाऱ्यांच्या गंज्या, रचून झाले. झाडूजीचा उभा. कमळाले तलावाखालच्या बांधीपर्यंत, म्हणजे धानाच्या शेतापर्यंत, चालत जाणं होत नव्हतं. ती रोज विचारे, अन् तो रोज सांगे, यंदाचं बियाणं उशिराचं हाय, अजून हिरवाच हाय. लोक विचारत तवा तो म्हणे, "झाडावर वाळला का गिरणीत तांदूळ तुटत नाई, इंटरनेटवर आलं हाय." दोघं-तिघं पुढच्या वर्षी तसंच करतो म्हणून गेले.

कमळा बाहेर आली. देवकाबाईनं गाडीले कुंकू लावलं, कमळालेही लावलं. प्रवीणनं मागचं दार उघडलं.

"बसा काकू. एसी वाढवू?"

"नोको बाबू. मागच्या टायमाले लय गार लागलं होतं." कमळानं सीटवर पाय वर घेतले. "तूच होता ना त्या दिवशी?"

"हो, काकू."

"मले वाटलंच. याईनं तुले पुन्हा फसवलं."

म्हणजे तिले सारं माहीत होतं. झाडूजी पुढच्या सीटवर बसून समोर पाहत राह्यला.

मोठ्या रस्त्याले लागल्यावर लोखंडाच्या खाणीचे ट्रक सुरू झाले. एकामागं एक, पोट भरलेले, लाल धूळ उडवत. पांढऱ्या गाडीची काच लाल झाली, वायपर फिरला, पुन्हा लाल झाली. एका खड्ड्यात प्रवीणनं गाडी अशी अलगद उतरवली का जशी अंड्याची टोपली. कमळानं डोळे मिटले होते.

झाडूजी विचारू लागला. फसवायले नाई, खरंच. रस्त्याच्या रुंदीकरणात त्याच्या वावराची पट्टी गेली होती अन् त्याचा मोबदला बँकेत पडून होता. गाडी घेणं जमणार होतं. पण घ्यावी का, हे काई त्याले सुटत नव्हतं.

"आमच्या गावात लाईन कशी हाय माहीत हाय ना तुले? सारे पंप सुरू झाले का घरातला बल्ब पिवळा पडते. डीपी जळली तं आठ-आठ दिवस कोणी येत नाई. हे गाडी चार्ज कशी होईन?"

"साध्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर होते, काका. हळूहळू होते, पण होते. तुम्हाला तर आठवड्यातून दोनदाच जायचं."

"अन् पावसाळ्यात? आमचा नाला पुलावरून वाहते. बॅटरी तं खाली पोटाले लावली हाय तुमी. पाण्यात गेली तं करंट मारन का?"

"सीलबंद आहे. पण पुलावरून पाणी जात असेल तर कुठलीच गाडी घालू नका, काका. विजेची असो की पेट्रोलची."

"हे खरं बोलला तू," झाडूजी म्हणाला. त्या निळ्या गाडीवाल्यानं त्याले सांगितलं होतं का गाडी तरंगते.

"डिक्कीत मासोळीची टोपली बसन?"

"बसेल. पण वास..."

"वासाची वारंटी नाई का?"

प्रवीण पहिल्यांदा हसला. मागून कमळाचा आवाज आला. डोळे मिटलेलेच. "बाबू, हे बॅटरी किती वर्षं चालते?"

"आठ वर्षांची वॉरंटी आहे, काकू. आठ वर्षं बघायचंच नाही."

"कागदावर लिहून देता?"

"हो. सही-शिक्क्यासह."

"मी माह्या डॉक्टरले विचारलं होतं," कमळा म्हणाली. "त्यानं काई लिहून नाई देल्लं."

प्रवीणनं एसीचं बटन इकडून तिकडं फिरवलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूले कापलेल्या बांध्या होत्या, पिवळी खुटं उरलेली, त्यात बगळे हिंडून राह्यले. झाडूजीले त्या कापलेल्या बांध्या पाहवत नव्हत्या. दर वेळी तो ट्रकाकडं पाहून राहे.

कमळाले मशीनवर लावून तो बाहेर आला. प्रवीण दवाखान्याच्या आवारात कडुनिंबाखाली गाडी लावून बसला होता. दोघांनी टपरीवरून चहा घेतला.

"काका, एक विचारू? रागावू नका. गाडी घेणार आहात का तुम्ही?"

झाडूजीनं चहाचा कप पाह्यला. "तुले काय वाटते?"

"मला वाटतं, नाही घेणार. मागच्या वेळी मी मॅनेजरला सांगितलं, गिऱ्हाईक पक्कं आहे. त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, दवाखान्याची ॲम्ब्युलन्स चालवतोस का म्हणून." प्रवीण हे तक्रारीनं नाई बोलला. त्याच्या आवाजात तेवढा जोर उरला नव्हता. "पुढच्या वेळी तुम्ही काकूंच्या आईच्या नावानं बुकिंग केली तरी येणार नाही कोणी. सगळ्या शोरूमच्या पोरांचा एक ग्रुप आहे. त्यात तुमच्या घराचा फोटो आहे, काका. त्या आजींसकट."

झाडूजीले हसू आलं. देवकाबाई चंद्रपूरपर्यंत फेमस झाली, हे तिले सांगितलं तं ती फोटोतलं लुगडं कोणतं होतं ते विचारीन. पण हसू फार टिकलं नाई.

"अन् तू कोणती गाडी चालवते रे? तुही स्वतःची?"

"मोटरसायकल. पेट्रोलची. जुनी."

"पाहा बरं."

झाडूजीनं गाडीकडं मान केली. मंग झाडूजी म्हणाला, "गाडी चांगली हाय. मले समजते. मी चार पाह्यल्या, त्यात हे बरी हाय. बसायले उंच हाय, कमळाचे हातपाय दुखत नाई. पैसेही हायत. पण ते म्हणते, धान कापला का मशीन बंद. मी गाडी घेतली अन् ते बसलीच नाई, तं मी त्या गाडीत काय करू? दर मंगळवारी रिकामी गडचिरोलीले नेऊन आणू?"

प्रवीणनं उरलेला चहा एका घोटात संपवला.

"ते म्हणते, माह्यासाठी गाडी घेसान अन् मी गेल्यावर तिच्यात काय मासोळ्या नेसान. बरोबर बोलते ते. तिचं नेहमी बरोबरच असते, तेच तं कटकट हाय."

"मग धान कापला का?"

"नाई कापला," झाडूजी म्हणाला. "कापणारही नाई."

प्रवीणले ते पुरतं समजलं नाई. त्यानं मान हलवली, कप कचऱ्यात टाकला अन् गाडीच्या काचेवरची लाल धूळ फडक्यानं पुसू लागला. कामाचं काई नव्हतं, पण त्याले काईतरी करायचं होतं.

परत येताना कमळा मागच्या सीटवर आडवी होती. हाताले पट्टी, ओठ कोरडे. प्यायले पाणी मोजूनच. तिनं एक घोट तोंडात घेतला अन् बराच वेळ तसाच ठेवला. गावाचा फाटा आला तवा ती उठून बसली.

"बाबू, गावातून नोको घेऊ. तलावाच्या पारीवरून घे. मले तलाव पाहाचा हाय. लय दिवस झाले."

झाडूजीचा हात दाराच्या कडीवर गेला. "पारीवरचा रस्ता बेकार हाय. गाडीचं पोट घासन."

"काका, तुम्हीच तर सकाळी म्हणत होता, खराब रस्ता दाखवतो," प्रवीण म्हणाला. "घासणार नाही. बघाच तुम्ही."

"अरे, तिथं बैलगाडी अडकते."

"म्हणून तर दाखवतो," प्रवीणनं गाडी वळवली. दिवसभरात पहिल्यांदाच त्याच्यातला विकणारा जागा झाला होता.

मिशीवाल्यांची सबसिडी ज्या डोक्यातून निघाली, ते डोकं त्या वेळी कोरं पडलं. गाडी पारीवर, तलावाच्या बांधावर, चढली. एका हाताले तलाव, काठापर्यंत भरलेला, कमळाच्या पानांनी अर्धा झाकलेला. दुसऱ्या हाताले खाली बांध्या. कापलेल्या, कापलेल्या, कापलेल्या. अन् मधात एकच उभी.

"थांब बाबू," कमळा म्हणाली.

बिरजूची जीप असती तं तिच्या खडखडाटानं अर्ध्या कोसावरूनच पाखरं उडाली असती. ही गाडी आवाज न करता थांबली. बांधीत राघू अन् चिमण्या पसरल्या होत्या, अन् एकही उडाली नाई. आरामात दाणे टिपत होत्या. धान वाकून जमिनीले टेकला होता, रंग पिवळ्याच्या पलीकडं जाऊन मातकट झालता.

"हे आपली बांधी हाय ना?"

"आपलीच."

"हिरवा हाय म्हणत होते तुमी."

"उशिराचं बियाणं..."

"एक लोंब आणा मले."

झाडूजी उतरला, पारीखाली गेला. त्याले पाहून पाखरं उठली अन् पलीकडच्या कापलेल्या बांधीत जाऊन बसली, उगाच कशाले उडवते म्हणून. त्यानं एक लोंब तोडली. तोडता तोडताच दाणे गळले. तो वर आला तवा कमळा दार उघडून, पाय बाहेर सोडून सीटवर बसली होती. तिनं लोंब तळहातावर चोळली, फुंकर मारली. मोजके दाणे उरले.

"कवा पिकला?"

"झाले दिवस."

"माह्या बोलण्यापायी ठेवला?"

अशा वेळी झाडूजीच्या जिभेवर काईतरी असायचंच. आजवर एकदाही ती जागा रिकामी गेली नव्हती. त्यानं शोधून पाह्यलं. मंग हात झटकून म्हणाला, "हव."

"येडे हा का तुमी?"

"असन."

"सारं गाव हसत असन."

"हसत नाई. दोघं-तिघं पुढच्या साली तसंच करणार हायत."

कमळाच्या तोंडावर हसू आलं अन् तिथंच थकून बसलं. तिनं ते उरलेले दाणे साडीच्या पदरात घेतले, गाठ मारली. पुढच्या सीटवर प्रवीण गाडीच्या पडद्यावर बॅटरी किती उरली ते वाचत होता. वाचण्यासारखा तो एकच आकडा होता, पण तो वाचतच राह्यला.

"म्हणजे तुमी कापणारच नव्हते," कमळा म्हणाली. "मी वाट पाहीन, अन् तुमी कापणार नाई. असं किती दिवस चाललं असतं?"

"मले काय माहीत. पुढचं मी पाह्यलं नव्हतं."

"पुढचं तुमी कधीच पाहत नाई." ती बांधीकडं पाहत होती. पाखरं परत आली होती. "वर्षभराची मेहनत मातीत गेली. माह्या हातानं रोवला नाई यंदा, पण रोपाचे पऱ्हे तं मीच टाकले होते, बसल्या बसल्या. ते आठवलं नाई तुमाले?"

झाडूजी खाली बसला, पारीवरच्या गवतात, तिच्या पायापाशी. त्याले एकदम लय दमल्यासारखं झालं. इतके दिवस गाड्या बोलावणं, खोटं बोलणं, बांधीकडं न पाहणं, साऱ्याचा शीण एकदमच अंगात उतरला.

"उद्या कापा," कमळा म्हणाली. "देवकाबाईच्या सुनेले सांगा, दोन-चार बाया घेऊन येईन. उरला तेवढा तरी घरात येऊ द्या."

झाडूजीनं वर पाह्यलं नाई. "अन् मंग?"

कमळानं पदराची गाठ चाचपली. मंग तिनं तलावाकडं मान केली. "पाणी भरपूर हाय यंदा."

"हाय."

"उन्हाळी धान लावसान?"

"लावू म्हटलं तं लावू."

"तं लावा. तो निघेपर्यंत येईन मी मशीनवर. त्याच्या पुढचं आता विचारू नोका. आज माह्यात तेवढंच हाय."

"ठीक हाय."

"अन् तो उभा ठेवसान तं पाहा. मी स्वतः चालत येऊन पाहीन."

"येशीन का चालत?"

"पाहीन," कमळा म्हणाली. मंग तिनं प्रवीणच्या सीटवर बोट वाजवलं. "बाबू, हे गाडी लाल रंगात येते का?"

प्रवीण मागं वळला. "येते काकू. पण का?"

"तुही पांढरी पाहा कशी झाली. रोज कोण धुईन? याईच्यानं तं स्वतःचे पाय धुणं होत नाई. लाल असली का धूळ दिसत नाई."

"लालला वेटिंग आहे. थोडे आठवडे लागतील."

झाडूजी गवतातून उठला. डोळ्यात काईतरी चमकलं. "तवरक मंग एखादी लाल टेस्ट..."

"चूप बसा," कमळा म्हणाली. "या पोराची नोकरी खासान. मंगळवारी बिरजूच्या जीपनं जाऊ. पण सांगून ठेवा त्याले, मी पुढं बसीन, खिडकीपाशी. गिअरपाशी नाई. अन् कोंबड्या मागं."

"सांगतो."

"आज सांगा. मंगळवारी सकाळी नाई."

प्रवीणनं गाडी हळू पुढं काढली. पारीवर एका ठिकाणी गाडीचं पोट खरंच घासलं. तिघांनी आयकलं, अन् तिघांनी समोर पाह्यलं.

देवकाबाई ओट्यावरच बसली होती. कमळा झाडूजीच्या खांद्यावर हात ठेवून उतरली अन् तिच्या बाजूले टेकली.

"घेतली का?" देवकाबाईनं तिले विचारलं.

"घेतली, बाई. पण हे नाई, दुसरी. लाल."

"लाल कुठी हाय?"

"यायची हाय."

"मंग नारळ ते आल्यावरच," देवकाबाई म्हणाली. "तुह्या नवऱ्याच्या भरोशावर मी आता काई फोडत नाई."

"नारळ राहू दे, बाई," झाडूजी म्हणाला. तो अजून गाडीले टेकून उभा होता, अन् प्रवीण आत बसून तो बाजूले व्हायची वाट पाहत होता. "सुनेले सांग, उद्या सकाळी विळा घेऊन ये म्हणा. अन् बाया पाहा म्हणा. धान कापाचा हाय."

देवकाबाईनं त्याच्याकडं पाह्यलं, मंग कमळाकडं पाह्यलं, खरं का म्हणून. कमळानं पदराची गाठ सोडली अन् ते दाणे म्हातारीच्या तळहातावर ठेवले. देवकाबाईनं एक दाणा दाताखाली धरला, तोडला, अन् सुनेले हाक मारायले उठली.